रिकामा ठेवलेला ग्रह

आमच्या वर्तमानपत्राच्या वणीच्या कार्यालयात दोन संगणक होते. एकावर पानं लागत, दुसऱ्यावर बातम्या टाइप होत. या दुसऱ्या संगणकात अंतराळातल्या साम्राज्याचा एक खेळ होता. तो कोणी टाकला हे कधीच कळलं नाही. दुरुस्तीला चंद्रपूरहून येणाऱ्या माणसावर सगळ्यांचा संशय होता, पण खेळ काढून टाकायला त्याला कोणी सांगितलं नाही.

नेरहून बदली होऊन मी तिथं गेलो तेव्हा कापसाची वाईट वर्षं सुरू झाली होती. आत्महत्येच्या बातमीचा एक नमुना त्या संगणकात तयार ठेवलेला असे. गाव, वय, जमीन आणि मागं कोण कोण राहिलं, एवढंच बदलायचं. टाइप करणाऱ्या ऑपरेटरनं त्या फाइलला 'रोज' असं नाव दिलं होतं. त्यावर कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

ऑपरेटर सत्तावीस वर्षांची होती. राजूरच्या बाजूच्या एका खेड्यातून साडेदहाच्या बसनं यायची. आईवडिलांची एकुलती एक. तिच्या वडिलांचं नाल्याकाठी चार एकर वावर होतं. आजोबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी घेतलेलं. घराण्यातली पहिली जमीन. त्यात कापूस आणि मध्ये तुरीच्या ओळी, हे तिच्या जन्माआधीपासून चालत आलं होतं.

दुपारी बारा ते तीन बातम्या येत नसत. त्या वेळात ती खेळायची. मी शेजारच्या टेबलावर बसत असल्यामुळं तो खेळ मला पाहून पाहून कळला. सुरुवातीला आपल्याकडं एकच ग्रह असतो. बाकीचे पाच खेळाडू म्हणजे संगणकच, प्रत्येकाचा रंग वेगळा. सगळ्यांनी पाळीपाळीनं जहाजं पाठवायची, नवे ग्रह वसवायचे, कारखाने काढायचे, आरमार वाढवायचं आणि शेवटी एकानं उरायचं. पडद्यावरचं इंग्रजी ती फारसं वाचत नसे. कोणता रंग कुठून कुठं सरकतो, यावर तिची नजर असे. पहिले काही महिने ती हरत होती. नंतर ती हरल्याचं मी पाहिलं नाही.

रविवारच्या पुरवणीला त्या सुमारास तरुणांसाठी काहीतरी हवं होतं. संगणकाला कसं हरवावं यावर मी लेख देतो म्हणालो. त्यासाठी तिचे नियम मी माझ्या वहीत लिहून घेतले. ती खेळत खेळत सांगायची, मी लिहायचो.

तिचं म्हणणं असं होतं की संगणक अधाशी असतो. दिसेल तो ग्रह घेतो. त्याच्यामागं धावायचं नाही. चार ग्रह घ्यायचे, पण पोसता येतील असे. चाळिसाव्या पाळीपर्यंत त्याचा पसारा एवढा होतो की एका टोकाचं आरमार दुसऱ्या टोकाला वेळेत पोहोचत नाही. दुसरं, तो जहाजं मोजतो, त्यांचा कस पाहत नाही. म्हणून मोडकी जहाजं मोडीत न काढता सरहद्दीवर उभी करायची. मी लिहिता लिहिता 'बुजगावणं' असा शब्द वापरला. ती हसली आणि म्हणाली, बुजगावण्याले पाखरं दोन दिवसांत ओळखतात, हा कधीच ओळखत नाही.

पण तिचा मुख्य नियम वेगळा होता. आपला एक ग्रह मुद्दाम रिकामा ठेवायचा. तोफ नाही, जहाज नाही, कारखाना नाही. लाल असो की जांभळा, संगणक सगळा नकाशा चाळतो आणि जिथं अडवणारं कोणी नाही तिथं आधी जातो. सगळं आरमार घेऊन जातो. तेवढ्यात त्याच्या मूळ ग्रहावर आपण उतरायचं.

"भरल्या घरी तो येत नाही, भाऊ. रिकामं ठेवलं की येतेच," ती म्हणाली. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

तिचे वडील एकदा बाजाराच्या दिवशी कार्यालयात आले होते. तिला घरी न्यायला थांबले, तोवर पडद्याकडं पाहत बसले. काळ्या पडद्यावर ठिपकेच ठिपके. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "एवढं मोठं वावर, अन् धुरा एकबी नाही. मंग भांडनं कशावरून होतेत?" धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध.

ती म्हणाली, "बाबा, तुमाले धुऱ्याबिगर भांडन माहीत हाय काय?"

ते हसले. त्यांना मी हसताना पाहिलं ते तेवढंच.

कोळशाच्या नव्या उघड्या खाणीची चर्चा त्याच वर्षी सुरू झाली. हद्द कुठपर्यंत येणार याची रोज नवी आवृत्ती निघे. इतर ठिकाणी जमीन वाचवण्यासाठी मोर्चे निघतात. आमच्या भागात त्या वर्षांत आमचीही जमीन घ्या म्हणून निवेदनं येत होती. बोंडअळीनं खाल्लेला कापूस वेचून कंटाळलेली माणसं ती आणून देत आणि पहिल्या पानावर घ्या म्हणत. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला खाणीत नोकरी मिळत असे. तिच्या घरात तो एक म्हणजे तीच होती. कारकुनाची, कायमची, महिन्याच्या महिन्याला. वडिलांनी अर्जावर तिचं नाव लिहायचं कबूल केलं होतं. फक्त वावर हद्दीत यायला हवं होतं.

गावातल्या लोकांनी घाईनं विहिरी खणायला घेतल्या. कोणी संत्र्याची कलमं आणून लावली. वावराची किंमत वाढावी, हा हेतू. ती या सगळ्यांना वेडं ठरवत होती. विहीर आणि बाग असलेलं वावर घ्यायचं म्हणजे कागद वाढतात, हरकती वाढतात. तशा वावराला वळसा घालून हद्दीची रेघ दुसरीकडं जाईल, असं तिचं गणित होतं. तिनं वडिलांना त्या हंगामात काहीच पेरू दिलं नाही.

वडील सहजासहजी तयार झाले नव्हते. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, मग एक वर्ष देतो म्हणाले. हे तिनंच मला सांगितलं. एक वर्ष संपलं, रेघ ठरली नाही. तिनं दुसरं वर्ष मागितलं. तिच्या पगारावर घर चालत होतं म्हणून ते मागता आलं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मी एका बातमीसाठी त्या गावाला गेलो होतो. सगळीकडं पिकांच्या ओळींत डवरणी, म्हणजे कोळपणी, चालली होती. नाल्याकाठचे चार एकर तेवढे गाजरगवतानं भरलेले. धुऱ्यावर तिचे वडील बसले होते. हातात काही काम नव्हतं. मला पाहून ते उठले आणि चहाला घरी चला म्हणाले. चालता चालता एकदा मागं वळून म्हणाले, "पडीत वावर मालकाले ओळखत नाही, साहेब." मी मान हलवली.

त्यानंतर आठवड्याभरात राजूरच्या फाट्यावर, चहाच्या टपरीत, खाणीच्या मोजणीवर काम करणारा एक माणूस भेटला. ओळखीचा होता. हद्दीचा विषय निघाल्यावर त्यानं सांगितलं की भोकं पाडून कोळशाचा थर कधीच तपासून झाला आहे आणि रेघ त्या थरावरून आखली आहे. वर विहीर आहे की बाग की गवत, याचा तिच्याशी संबंध नाही.

"वरचं कोन पाह्यते? खालचं पाह्यतेत," तो म्हणाला. थर नाल्याच्या पलीकडंच संपतो, तिच्या वडिलांच्या बाजूला येत नाही, असंही तो म्हणाला. मग म्हणाला, माझं नाव नका घेऊ.

मी ते वहीत लिहिलं. जागा नसल्यामुळं तिच्या नियमांच्या पानाच्या मागं लिहिलं. दुसऱ्या दिवशी खाणीच्या कार्यालयात गेलो. तिथं कोणी बोललं नाही. तहसीलमध्येही तेच झालं. एका तोंडची बातमी लागत नाही, हे मला उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं गेलं होतं आणि तोवर मी ते एकदाही मोडलेलं नव्हतं. बातमी दिली नाही. तिलाही सांगितलं नाही. त्या वेळी मी असा विचार केला होता: सांगितलं आणि ते खोटं निघालं, तर तिनं पेरलेलं असेल आणि तिच्या हिशेबानं तिची संधी जाईल. पाऊस अजून होता. तूर उशिरा पेरली तरी थोडीफार आली असती. हेही मला माहीत होतं.

पुढचे चार महिने मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसलो. ती खेळत होती.

हद्दीची यादी दिवाळीनंतर एका दुपारी फॅक्सवर आली. पूर्ण छापायची होती, गट नंबरांसह. तिनं ती तासाभरात टाइप केली. अशा याद्यांची तपासणी आम्ही एका ठरलेल्या पद्धतीनं करत असू. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पडद्यावर आकड्याखाली बोट ठेवत जायचं. टाइप केलं म्हणजे वाचलं असं नसतं. टाइप करताना बोटं आकडे पाहतात, माणूस पाहत नाही. मी वाचायला बसलो, तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

तिच्या गावाचा क्रम आला. एकशे नऊ, विहीरवाल्या शेजाऱ्याचा. एकशे दहा. एकशे अकरा, यात संत्र्याची कलमं होती. एकशे बारा. एकशे तेरा. पुढचा आकडा एकशे सतरा होता. मधले तीन गट नाल्याकाठचे, त्यातला एक तिच्या वडिलांचा. नाला तिथं वळतो.

तिचं बोट थांबलं. ती म्हणाली, "परत वाचा."

मी एकशे नऊपासून परत वाचलं. ती बोट पुढं नेत गेली. एकशे तेरानंतर थोडी थांबून ते एकशे सतरावर ठेवलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "पुढं."

यादीत अजून दोन गावं होती. ती आम्ही संपवली. एकही चूक निघाली नाही. तिनं फाइल पानाकडं पाठवली आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"तुमाले माहीत होतं काय, भाऊ?"

मी तिला सांगितलं. कोणी सांगितलं ते नाही, काय सांगितलं ते. आणि ते एकाच माणसानं सांगितलं होतं, हेही.

तिचा आवाज चढला नाही.

"छापायले दोन मानसं लागते, ते समजते. मले सांगायले दुसरा कायले पाह्यजे होता? मी काय पेपर आहो?"

तिनं वाट पाहिली, असं मला वाटतं. निदान ती लगेच वळली नाही. मग फोन वाजला. मारेगावकडची बातमी होती. तिनं 'रोज' उघडली आणि गाव बदललं.

त्यानंतर ती तो खेळ खेळली नाही. दुपारी बारा ते तीन बसून राहायची, किंवा जुनी पानं लावून ठेवायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. भाऊ म्हणणं तिनं सोडलं नव्हतं, त्यामुळं बाहेरच्याला काही कळलं नसतं.

दोन वर्षं पडलेलं वावर पुन्हा पेरणीला आणायला वडिलांना एक हंगाम लागला. तोवर नाल्यापलीकडं खाण उघडली होती. खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग नाल्याच्या काठापर्यंत आले. नाला आटला. पुढच्या वर्षी कापूस झाला, पण फुटलेल्या बोंडांवर काळी भुकटी बसलेली असे. ती एकदा पिशवीतून मूठभर घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवली. बातमी द्यायची असेल तर द्या म्हणाली. कापसाचा रंग पावसाळी ढगासारखा होता. बोटं काळी होत होती. ही बातमी मी दिली. या वेळी दोन माणसं होती, ती आणि तिचे वडील. आतल्या पानावर तीन परिच्छेद आले. पुढं काही झालं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पानं नागपूरला लागू लागली आणि वणीला ऑपरेटरची गरज उरली नाही. शेवटच्या दिवशी तिनं दोन्ही संगणकांवर कापड घातलं, चाव्या मोजून दिल्या आणि साडेपाचची बस पकडली. विहीरवाल्या शेजाऱ्याचा मुलगा तोवर खाणीच्या कामावर जाऊ लागला होता. तिच्या वडिलांना त्यानंतर मी एकदाच पाहिलं, वणीच्या बाजारात, फवारणीचं औषध घेताना. त्यांनी मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही.

पुरवणीसाठीचा लेख मी लिहिलाच नाही. वही राहिली. कार्यालय बंद व्हायला आलं त्या आठवड्यात, बातम्या नव्हत्या म्हणून, मी तो खेळ उघडला आणि वहीतल्या पानावरून खेळलो. चार ग्रह घेतले. मोडकी जहाजं सरहद्दीवर उभी केली. पाचवा ग्रह रिकामा ठेवला आणि पाळ्या पुढं ढकलत गेलो.

बावन्नाव्या पाळीला लाल आला. सगळं आरमार घेऊन, त्या रिकाम्या ग्रहावरच आला. मी जिंकलो. तिचा एकही नियम चुकीचा नव्हता.