माझ्या बापाची ओवी चुकली

खुर्ची एकच होती. सरांनी तिच्यावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि माझ्या बापाला म्हणाले, "बसा खाली."

आबा बसले. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात, फरशीवर, मांडी घालून. समोर बाकांवर आम्ही एम. ए.ची पोरं-पोरी. विषय लोकसाहित्य, धडा धनगरी ओवीचा. सरांनी आठ दिवस आधी मला विचारलं होतं, "तुमच्यात कुणी गातं का?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझा बाप गातो. बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं मेली तरी माझं शिक्षण सुटू दिलं नाही असा बाप. जतकडच्या वस्तीवरून पहाटेच्या एसटीनं आला होता. धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडं. लेकाच्या कॉलेजात बोलावलंय म्हणून.

आबांनी कानावर हात ठेवला आणि सुंबरान मांडलं. म्हणजे गाण्याच्या आधी देवाचं स्मरण. माळावरचा आवाज तो, खोलीत मावेना. मागच्या बाकावरून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं. "ब्यॅ!" वर्ग हसला. सरांनी हसू दाबलं, ते मला दिसलं. आबांनाही दिसलं असणार. ते गात राहिले.

जरा वेळानं सरांनी टेप बंद केला. हातात पुस्तक.

"इथं तुमचं चुकलं. बिरोबा देव आधी बहिणीकडं जातो, मग रानात. तुम्ही उलटं गायलात."

"न्हाई सर, आमच्यात असंच हाय. माज्या बानं असंच शिकवलं."

"पुस्तकात तसं नाही. वाचता येतं का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग?"

वर्ग परत हसला. मी दुसऱ्या बाकावर होतो. उठलो नाही. बाप फरशीवर, आणि मी वहीत मान घालून सर सांगतील ते उतरवून घेत होतो. 'धनगरी ओवी म्हणजे निरक्षर, भोळ्या मनाचा उद्गार.'

एसटी स्टँडवर आबांना सोडायला गेलो. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "जलमभर चुकीचं म्हणलो व्हय रं मी?"

"न्हाई आबा."

"सर शिकल्याला मानूस हाय. उगंच म्हनंल का?"

त्या वर्षीच्या जत्रेत आबा ओवी गायला बिरोबापुढं उभे राहिले नाहीत. लोकांनी हातापाया पडून बघितलं. त्यांचं एकच, "माज्यात चूक हाय." सगळी ओवी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. नुसताच ढोल वाजला. घरी मी लिहून घ्यायला बसलो, तर म्हणाले, "चुकीचं कशाला लिवतूस?"

मग मी सरांच्या घरी गेलो. टेप मागितला.

"तो? त्यावर मी रेडिओवरचं नाट्यसंगीत घेतलं. तसंही त्यात चुका होत्या." मग जवळ बसवून म्हणाले, "तुम्ही एक करा. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या पंचवीसेक ओव्या उतरवून आणा. माझ्या पुस्तकाला हव्यात. शुद्ध मी करून घेईन. तोंडी परीक्षेचं मी बघतो."

"देणार न्हाई."

सरांपुढं घरची बोली पहिल्यांदाच माझ्या तोंडातून निघाली. माझा मीच दचकलो.

"अहो, मरून जाईल हे सगळं. जबाबदार तुम्ही असाल."

"मरू द्या. माज्या हातनं तुमाला मिळणार न्हाई."

तोंडी परीक्षेत नापास झालो. एम. ए. राहिलं ते राहिलंच. सरांचं मात्र खरं होत चाललंय. आबांना आता खरोखरच आठवत नाही. मधलं सगळं गेलं. मला तर कधीच येत नव्हतं.

तरी मी वस्त्यावस्त्यांवर जातो. उरलेल्या म्हाताऱ्यांना सांगतो, शहरातनं कुणी गायला बोलावलं तर जाऊ नका. कुणी वही घेऊन आलं तर तोंड उघडू नका.

परवा एक म्हातारा म्हणाला, "मग आपल्या पोरास्नी कसं कळायचं रं?"

"न्हाई कळणार," मी म्हणालो.

आणि पुढच्या वस्तीकडं निघालो.