दाजींची बाजू

आमचे दाजी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. माझं नळाच्या तोट्यांचं दुकान. माणसाला पाणी लागतं, तत्त्वज्ञानावाचून काही अडत नाही, हे मी त्यांना भेटलो की ऐकवायचो. ते हसून म्हणायचे, "अजून जोर लावा." त्यांच्या वर्गाचा शिरस्ताच तसा होता: आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही अशी की त्यानंच 'वा' म्हणावं, मग स्वतःची. घरात भाजीत मीठ जास्त झालं तरी तेच. ताई म्हणायची, "या माणसाशी धड भांडताही येत नाही."

एका वर्षी त्यांच्या वर्गाला एक विद्यार्थी कमी पडला. तेवढा मिळाला नाही तर विभाग बंद आणि दाजी घरी. नेमकी त्याच वर्षी माझी भाची कॉलेजात जायची होती, आणि तिला बापाचाच विषय हवा होता.

ताई कडाडली, "बापानं कोणते दिवे लावले? हिशेबाचं शीक, पोटापाण्याला लागशील."

"बाबा, तुम्ही सांगाल तसं," भाची म्हणाली.

झालं! दाजींनी सवयीनं आधी ताईची बाजू मांडली. नोकऱ्या नाहीत, लोक हसतात. जुना हुशार विद्यार्थी आज गोदामात खोकी उचलतो, दुसरा चाळिशीतही आईच्या पेन्शनवर जगतो. ताईला सात जन्मांत सुचलं नसतं ते सगळं बोलून ते थांबले.

"आता तुमची बाजू," भाची म्हणाली.

दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. ती 'हो' म्हणाली असती तर त्यांचीच खुर्ची वाचणार होती ना! "यात माझा स्वार्थ आहे. मी बोलणं बरं नाही," एवढंच म्हणाले. मला असा संताप आला! जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं, त्याच्यासाठी तोंडातून एक शब्द फुटू नये?

भाची हिशेबाकडे गेली. विभाग बंद झाला, त्या खोलीत आता मोडकी बाकं रचलीत. दाजी दिवसभर घरात असतात आणि कुणाशी वाद घालत नाहीत.

भाचीला पगार चांगला आहे. परवा जेवताना मी तिला म्हणालो, "बापानं वाचवलं हो तुला."

ती ताटातच बघत म्हणाली, "मामा, आईची बाजू मला पाठ होती. मी बाबांची ऐकायला बसले होते. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच, असं वाटलं, म्हणून गेले."

दाजींचा घास हातातच राहिला. "होतं गं," ते म्हणाले. "खूप होतं."

"आता काय उपयोग?" ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.