सुतळीच्या चौकटीतलं तण

तण दिसलं की माझा हात आपोआप खाली जातो. आसेगावला आमच्या शेतात निंदण करता करता केस पांढरे झाले, तेव्हा ही खोड आता जायची नाही. याच खोडीपायी मी एकदा एका शिकलेल्या पोरीच्या दोन वर्षांच्या कामावर पाणी फिरवायला निघाले होते.

दिवाळी झाल्यावर मी आणि माझी जाऊ वणीकडे कोळशाच्या खाणीवर मजुरीला गेलो होतो. खाणीतून निघालेल्या दगडमातीचा तिथे डोंगर झाला होता. त्याच्या उतारावर लावलेल्या रोपांना आळी करायची आणि पाणी घालायचं, एवढंच काम. एका बाजूला खुंट्या ठोकून, सुतळी बांधून चौकटी आखल्या होत्या आणि त्यांत कुंदा, तरोटा, आघाडा असं काय काय माजलं होतं. त्या चौकटी कॉलेजातून येणाऱ्या एका पोरीच्या. आम्हाला वाटलं, हे तिचे वाफे, बिचारीला निंदायला सवड मिळत नसेल. पाण्याचा टँकर यायचा होता, तोवर आम्ही दोघींनी ते वाफे लख्ख करून टाकले. मला तर स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुपारी पोरगी आली आणि धावतच चौकटींपाशी गेली.

"काकू, हे कोणी केलं?"

"आमीच केलं. लय तण झालं होतं तुह्या वाफ्यात."

मग तिने सांगितलं. खाणीच्या मातीवर आपोआप काय काय उगवतं, तेच ती दोन वर्षं मोजत होती. यंदाची मोजणी आज करायची होती आणि तिची पदवी त्यावर अवलंबून होती. बोलता बोलता ती रडायला लागली. मला तर तोंड कुठे लपवावं ते कळेना.

जाऊ मात्र शांत होती. "रडू नको बाई. ढीग त आहेत ना."

आमची निंदायची रीतच तशी. प्रत्येक पातीचा, म्हणजे एकेकीच्या वाट्याच्या पट्ट्याचा, ढीग त्याच्या टोकाला वेगळा ठेवायचा, म्हणजे कोणी किती निंदलं ते दिसतं. इथेही प्रत्येक चौकटीचा ढीग तिच्याच पायथ्याशी पडलेला होता, आणि एकूणएक रोप मुळासकट. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघी बसलो. मी एकेक रोप उचलून नाव सांगायचे, ती पुस्तकातलं नाव लिहायची. एका वेलावर तिचं अडलं.

"रानमूग होय तो," जाऊ म्हणाली. "शेंग पाह्य ना त्याची."

एकही चौकट सुटली नाही. मग पोरीने सगळं तण ज्याच्या त्याच्या चौकटीत पसरायला लावलं, बी तिथेच पडावं म्हणून.

पुढच्या वर्षी गेलो तर चौकटी पुन्हा गच्च भरलेल्या. पाहून फार बरं वाटलं. वाकले आणि हात गेलाच कुंद्याकडे. पोरीने तो वरच्यावर धरला. "काकू, आता नुसतं मोजायचं."

जन्मभर ज्याला उपटत आले, त्याला त्या दिवशी मी पहिल्यांदा उभं ठेवून मोजलं.