बाटलेला काटा

"तुमच्या वस्तीतली मुलं त्या तराजूत घाला," महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

तो तराजू कोळशाच्या वखारीतून आणलेला. दाराबाहेर पायरीशी टांगला होता. आत, भवानी पेठेतल्या त्यांच्या दिवाणखान्यात टेबलावर पांढरा वजनकाटा. पेठेतली गुटगुटीत पोरं त्याच्या ताटात पाय झाडत होती. आमची पोरं पायरीखाली, उन्हात.

मी दवाखान्यात शिकलेली सुईण. महारवाड्यातली. पेठेत बाळंतपणाला मला मागच्या दाराने बोलावतात. अध्यक्षीणबाईंचा नातूही माझ्याच हातांवर आला. त्या दिवशी मात्र त्यांनी ओळख दाखवली नाही.

अशक्त पोरांना रोज दूध मिळणार होतं, त्यासाठी हे वजन. आमच्यातली गंगू गिरणीत जाते. भोंगा झाला की पोराला अफूची गोळी चाटवायची, मग ते संध्याकाळपर्यंत निपचित. भुकेलाही उठायचं नाही. नुसती हाडं राहिली होती. मीच तिच्या मागे लागले होते, "अफू बंद कर, मी दूध मिळवून देते." तिनं ऐकलं. पोर रडायला लागलं होतं, तेवढंच मला बरं वाटत होतं.

गंगूनं पोराला तराजूत ठेवलं. दचकून परत उचललं, तर पाठ काळी झालेली.

"आक्का, काळं काय, धुतलं की निगंल," ती मला म्हणाली. "तुमी दुदाचं बगा की."

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं मागच्या दाराने जाऊन येऊन आत काही हलायचंच बंद झालं होतं. मी तिच्या हातातून पोर घेतलं, पायरी चढले आणि पांढऱ्या काट्यात ठेवलं.

बायका आपापली पोरं घेऊन मागे सरल्या. गंगूचं पोर काट्यात रडत होतं.

"बाटवलास काटा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आता काय करायचं आम्ही याचं?"

"तुमच्या कामाचा न्हाय ना? मग आमी नेतो," मी म्हणाले.

पोर गंगूकडे दिलं. काटा उचलून कडेवर घेतला. कुणी अडवलं नाही. अडवायचं तर मला शिवावं लागलं असतं.

दूध मिळालं नाही. दुसऱ्या सकाळी भोंगा झाला तेव्हा गंगूनं पोराला परत अफू दिली. मी बघत उभी होते. कोणत्या तोंडानं बोलणार?

काटा माझ्या झोपडीत आहे. वस्तीतल्या बाया पोरं घेऊन येतात, मी वजन करते. कुणाचं घटलंय ते कळतं. द्यायला दूध नसतं.

पेठेतून बोलावणं अजून येतं. मी सांगून ठेवलंय. पुढच्या दाराने येईन, काटा बरोबर आणीन. माझ्या हातांवर आलेलं पोर, कुणाच्याही घरचं असो, आधी याच काट्यात पडेल. चालत नसेल तर दुसरी सुईण बघा.