ग्रेसी टीचरांच्या फॉर्ममधला रिकामा रकाना

ग्रेसी टीचरांशी मी खोटं बोललो होतो. आज त्यांना माती देऊन आलो.

पापडी गावातल्या आमच्या टीचर. बारावीला इकॉनॉमिक्स शिकवायच्या. रिटायर झाल्यावर स्वतःच्या एका पाहणीचे फॉर्म घेऊन आमच्या बॅचच्या घरोघरी फिरल्या.

एकाच वर्गातली पोरं. मग कोण कुठे पोहोचलं, आणि तेव्हा घरात पैसा कुठून येत होता?
पगार, वाडी, भाडं, बोटीवरच्या भावाचे पैसे. प्रत्येकाला वेगळा रकाना.

"किती ते सगळेच विचारतात," त्या म्हणायच्या. "कुठून, ते विचारा. पोराला किती वर्षं कमावल्यावाचून शिकता येईल, ते त्यावर ठरतं."

एव्हरशाईन कॉम्प्लेक्समधल्या माझ्या फ्लॅटवर आल्या. माझी मुलगी शेजारीच बसली होती.

"वडिलांचा पगार," मी म्हटलं.
"अजून?"
"एवढंच, टीचर."
"भाडं वगैरे?"
"नाही."

त्यांनी तिथे शून्य टाकलं नाही. रकाना रिकामा ठेवला.
"आठवलं तर सांग. चहा घे, थंड होतोय."

भुईगावात आमच्या चार खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या.

आमच्या घरी त्याला कधी कुणी उत्पन्न म्हटलं नाही. ते 'आईचे पैसे'. एक तारखेला ती चारी दारं फिरून यायची आणि नोटा तांदळाच्या डब्यात ठेवायची.
त्या डब्यावर मी दोन वर्षं पेपरात बिनपगारी काम शिकलो.
मुलीला मात्र सांगत आलो, सगळं स्वतःच्या मेहनतीवर केलं.

चौथ्या खोलीत विलास राहायचा. माझ्याच बाकावरचा. आमचे वडील एकाच कंपनीत, सारख्याच पगारावर. गणितात तो माझ्या पुढे.
बारावीनंतर तो पंपाच्या दुकानात लागला. आज आमच्याच कॉम्प्लेक्सच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो.

टीचर गेल्यावर डोक्यात आलं. त्यांच्या तक्त्यात विलास आणि मी शेजारी असणार. पगार सारखा, बाकी काही नाही.
मग उरलेला फरक कशाचा? मेहनतीचा.
म्हणजे मी कष्टाळू आणि विलास आळशी.

फोन करायचा होता. उद्या करू, परवा करू. आयुष्यभर डेडलाइन पाळल्या. ही चुकली.

आज दफनभूमीच्या गेटवर विलास भेटला. सांगून टाकलं.

तो चपलेची माती झटकत होता.
"माहीत होतं त्यांना."
"कसं?"
"माझ्या फॉर्ममध्ये खर्च होता ना. खोलीचं भाडं, कोणाला, तुझ्या आईला. मीच लिहून दिलं."

दुसरी चप्पल झटकत म्हणाला, "तुझ्या तोंडून हवं होतं त्यांना. दोनदा विचारलं मला, बोलला का रे तो?"

दोनदा.

घरी आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. मुलीला सगळं सांगितलं. आता इथे लिहितोय, आमची बॅच वाचेल म्हणून.

टीचर, चार खोल्या होत्या.
चौथीचं भाडं विलासच्या वडिलांच्या पगारातून यायचं.

तेवढा रकाना भरा. आणि निवांत झोपा.