रेच्यावरची जोड

कापसातली सरकी काढायचा रेचा एकटीनं चालत नाही. निदान अकोल्याच्या ज्या कापसाच्या आवारात मी कामाला जात होते, तिथले रेचे मोठे होते आणि त्यांना दोघी लागायच्या. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं दोन लाटांच्या, म्हणजे लाकडी रुळांच्या, फटीत कापूस द्यायचा. रुई पलीकडे पडायची, सरकी अलीकडे राहायची. दांड्याचा वेग आणि देणारीचा हात जुळला नाही तर लाटांत सरकी अडकायची, नाही तर बोट. म्हणून तिथे कुणी एकटी कामाला लागत नसे. जोड लागायची. जोड मोडली की दुसरी जोड मिळेपर्यंत घरी बसायचं.

माझं माहेर अमरावतीचं. आम्ही माळी. वडील शाळेच्या मास्तरांकडे रोज भाजी पोचवत. मास्तर आपल्या मुलीला घरी शिकवत, तिला सोबत म्हणून मला बसवलं आणि मी चौथ्या पुस्तकापर्यंत शिकले. मला लिहिता येतं, पण चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. कुणी नुसतं नाव विचारलं तरी मी खाली बघते. हे लिहिते आहे तेही माझ्यापुरतं.

लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा कापसाचे दिवस होते. साहेबांच्या मुलुखापलीकडे कुठे तरी लढाई लागली आहे आणि म्हणून आमच्या कापसाला विलायतेतून मागणी आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी कापूस लावला. आगगाडी अजून आमच्यापर्यंत आली नव्हती, सगळा माल बैलगाड्यांनी जायचा, आणि माझे मालक गाडी हाकत. ते आठवडे आठवडे बाहेर. ज्वारी महाग झालेली. सासूबाईंनी मला आवारात पाठवलं ते त्यामुळे. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अवं, हे कोन बुढी आली?" माझे केस, भुवया, पापण्या, सगळं उडत्या रुईनं पांढरं झालं होतं.

आवारातल्या बायकांवर देखरेखीला एक म्हातारी होती. सगळ्या तिला बुढी म्हणत, तीही ओ देई. नवी बाई आली की ती तिच्यापुढे काडीकचऱ्याचा ओंजळभर कापूस टाकायची, "निवड," म्हणायची आणि तंबाखू चघळत बघत बसायची. कापूस बघत नसे, बाई बघत असे. कोणी भराभरा उपटायची आणि अर्धी काडी आतच ठेवायची. कोणी एकेक तंतू सोडवत बसायची. कोणी शेजारणीचं बघून करायची. कोणी निवडता निवडता आपल्या सासूची गोष्ट सांगायला लागायची. मग बुढी ठरवायची कोणाची जोड कोणाशी. जात नाही, नातं नाही. तिचं माप चुलीचं होतं. ही तुराटी, चटकन पेटते. ही पऱ्हाटी, नीट जळते. ही गोवरी, धुमसत राहील पण दिवस मावळेपर्यंत ऊब सोडणार नाही.

माझं निवडून झालं तेव्हा तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तू काही बोलत काहून नाई वो?"

मी खाली बघितलं.

"ओलं लाकूड हाय," बुढी म्हणाली. "येले तुराटीच पायजे." आणि मागे वळून तिनं हाक मारली, "ये वो टकळी, तुही जोड आली."

जी आली ती माझ्याहून सहासात वर्षांनी मोठी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बुढीला म्हणाली, "म्हंजे मी जळून खाक व्हाचं, अन् हे बसन धूर काढत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन, कारण ती म्हणाली, "पाय, दात हायत हिले."

मी तिला बाई म्हणायला लागले, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. बाई दांडा फिरवायची, मी कापूस द्यायची, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचं तोंड चालायचं. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणत्या गाडीवानाचा बैल कसा बसला, आडत्याच्या पागोट्यात चिमणीनं कसं घर केलं. अर्ध्या गोष्टी खोट्या. पण ती बोलत असली की दांडा एका तालात फिरायचा आणि माझा हात त्या तालात आपोआप पडायचा. ती थांबली की मला कळायचं सरकी अडकली. मला तोंड उघडायची गरजच पडत नसे. "दोघींचं मीच बोलून टाकतो," असं ती म्हणायची. आमच्या रेच्यावरची रुई बुढी दुसऱ्यांना दाखवायला न्यायची.

बाई शेतकऱ्याच्या घरची. नवरा गेल्यावर ती पातूरला दिराच्या घरी राहिली. खायला मिळत होतं. पण जाऊ तिच्याशी बोलत नसे आणि पोरांनाही बोलू देत नसे. ती चुलीशी बसली की बाकीचे उठून ओसरीवर जात. एकदा तिनं मला हे सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही. "वर्सभर मी ढोराइसंग बोल्ली," म्हणाली. मग ती निघून अकोल्याला मावशीकडे आली. मावशी गरीब. बाई आपल्यापुरती ज्वारी आणते तोवरच ती ठेवून घेणार होती. आवारातलं काम गेलं तर परत पातूर, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पुढच्या हंगामात आवार मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं भाड्यानं घेतलं. त्याच्या माणसानं बुढीला घरी पाठवलं आणि एक मुकादम आणला. तो पश्चिमेकडचा, स्वच्छ धोतराचा, हळू बोलणारा. कुणाच्या अंगावर ओरडला नाही, कुणाकडे वाईट नजरेनं पाहिलं नाही. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणाला तो दुष्ट वाटेल. त्याला वाटायचं की आपल्याला माणूस पाहिल्याबरोबर कळतो. "तोंड चालतं तिथे हात चालत नाही," तो म्हणायचा. त्यानं सगळ्या जोड्या मोडल्या. गप्प बायकांना गप्प बायका दिल्या, बोलक्यांना बोलक्या.

मला एक गोवरी मिळाली. कष्टाळू, भली. पण ती मला काही सांगत नसे आणि मी तिला. सरकी अडकली की मी हात मागे घ्यायची आणि ती दांडा फिरवतच राहायची, कारण तिला वाटायचं मी कापूस घेते आहे. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. मुकादम येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "छान. असं शांत काम पाहिजे."

बाईला एक उंच, तोंडाळ बाई जोड म्हणून मिळाली. दोघी तुराट्या. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे इतका हशा होता की सगळं आवार हसलं. तिसऱ्या दिवशी भांडण. कुणाच्या बोलण्यात कोण आलं, यावरून. मग रोजच. एका सकाळी उंच बाईनं कापूस द्यायचा थांबवून दांडाच धरला. बाईनं सोडला नाही. दोघींच्या ओढाताणीत लाट तडकली.

मुकादम आला. उंच बाई लगेच डोळ्याला पदर लावून खाली बसली. आमची बाई उभी राहून बोलत होती. लाट आधीच कशी कच्ची होती, दांडा कोणी धरला, ही जोड लावली कोणी, सगळं. मुकादमानं ऐकून घेतलं. "दोघींतली एकच राहील," म्हणाला. "कोण ते भाकरी झाल्यावर सांगतो."

सगळ्या भाकरी घेऊन बसल्या. मला लिहिता येतं म्हणून बायका मला शाळावाली म्हणत. एकजण मला म्हणाली, "शाळावाली, तू जाय. तुह्यावर त्याचा लोभ हाय. तुहं ऐकन तो."

दुसरी म्हणाली, "हे? हे जाईन अन् त्याच्या पायाकडे पाहून वापस येईन."

बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला जा म्हणाली नाही.

मी उठले. मनात वाक्यं जुळवली. मुकादम कडुलिंबाखाली बाजेवर बसला होता. मी त्याच्या समोर उभी राहिले आणि बोलले. खरंच बोलले. आवाज बारीक होता, पण शब्द पुरे होते. आमची जोड आधीसारखी लावा. बाई भांडखोर नाही, तिला बोलल्याशिवाय दांडा फिरवता येत नाही. माझ्यासोबत तिचं कधी बिघडलं नाही, बुढीला विचारा.

त्यानं माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला वाटलं झालं काम.

"हे तुला कोणी शिकवून पाठवलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? मी आल्यापासून तुझा आवाज ऐकलेला नाही. आज एकदम एवढं?" त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मीही वळून पाहिलं. बाई भाकरी हातात धरून आमच्याकडेच बघत होती. मान पुढे काढून, श्वास धरून. कोणीही बघेल तशी. पण मुकादमाला जे पाहायचं होतं ते त्याला दिसलं.

"गरीब गाय पुढे केली," तो हळूच म्हणाला.

"नाही हो. मी माझ्या मनानं आले."

"भिऊ नकोस."

मला सांगायचं होतं की मी भीत नाही. म्हणजे भीत होते, पण बाईला नाही. हे दोन वेगळे शब्द मला त्या वेळी सापडले नाहीत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पाणी पाहून त्याची खात्रीच पटली. मला रडताना पाहून बाई धावत आली. "काय केलं वो तुमी तिले? काय बोल्ले तुमी?" असं मोठ्यानं म्हणत, बोट नाचवत आली. माझ्यासाठीच आली. आणि मुकादमानं नुसता तिच्याकडे हात करून मला दाखवलं, जणू म्हणाला, बघ, मी काय म्हणत होतो.

"तू जा," तो तिला म्हणाला. "आणि हिला पुन्हा त्रास द्यायचा नाही."

बाई थांबली. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही ते मला आजही सांगता येत नाही. "म्या तरास देल्ला?" एवढंच ती म्हणाली. मग आपल्या फडक्यात भाकरी बांधली आणि फाटकातून बाहेर गेली.

मालक गाडी घेऊन परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. मुकादमाशी एकदा बोला म्हटलं. ते म्हणाले, "बायाच्या भांडनात मी काय बोलू? अन् तो तर तुहं चांगलंच म्हनते." मी मावशीच्या घरी गेले. तिथे दीर आलेलाच होता, त्याची गाडी दारात होती. बाई बोचकं घेऊन मागे बसत होती. मला पाहून म्हणाली, "अवं, बोलाचंच होतं त जोरानं बोलाचं. मांजरावानी बोल्ली असशीन तू." आणि हसली. दिरानं मागे वळून पाहिलं, तशी ती गप्प झाली. गाडी पातूरच्या रस्त्याला लागली.

बाईला काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच मुकादमानं माझा आणि गोवरीचा रेचा फाटकाजवळ मांडायला लावला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावा म्हणून. नव्या बायका आल्या की तो त्यांना माझ्याकडे बोट करून दाखवायचा. त्या बायका माझ्याशी अदबीनं वागत. मी पाणी प्यायला गेले की माठापाशी चाललेलं बोलणं थांबायचं. कोणी तरी त्यांना सांगितलं होतं की ही मुकी दिसते, पण हिनं एक शब्द टाकला आणि एका बाईचं काम गेलं. धारणीकडून आलेली एक मुलगी तर माझा धक्का लागला तरी हात जोडायची. तिला खरं काय ते सांगावं असं रोज वाटायचं. कुठून सुरू करावं ते कळायचं नाही. बुढीनं कुणाला काय म्हटलं होतं, मुकादमानं काय ओळखलं, या बायकांना मी काय वाटते, हे सगळं मला दिसत होतं. नीट दिसत होतं. त्याचा उपयोग काही नव्हता.

पातूरच्या बाजूनं गाडी जायची तेव्हा मी मालकांना न चुकता विचारायची, दिसली का. बरेच दिवस दिसली नाही. मग एकदा ते म्हणाले, दिसली. दिराच्या वावरात तण निंदत होती, रस्त्याच्या अगदी कडेला. त्यांनी गाडी थांबवून तिला माझा निरोप सांगितला, की मी नेहमी तिचं विचारते.

"मग? काय म्हणाली?"

"काई नाई."

"काहीच नाही?"

"मान हालवली. अन् खाली बसून निंदाले लागली."

मी त्यांना पुन्हा विचारलं, तीच होती ना. ते बैलांना वैरण टाकत होते. तीच होती, म्हणाले.