राक्षसाचा देणगीदार

वर्ध्याच्या सायबर कॅफेत एक पोरगा रोज माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचा. बसण्याआधी कीबोर्डला नमस्कार करायचा. तो व्हिडिओ गेम बनवत होता आणि त्यासाठी इंटरनेटवर वर्गणी मागत होता. परदेशी गेलेली आपली माणसं पैसे पाठवायची, पण देवळातल्या पंख्यावर असतं तसं प्रत्येकाला नाव हवंच. त्यामुळे गेममधला हिरो कुणाच्या आजोबांच्या स्मरणार्थ बांधलेल्या पुलावरून पळायचा आणि कुणाच्या आजीच्या स्मरणार्थ खोदलेली विहीर ओलांडायचा.

"सर, फक्त राक्षसालेच देणगीदार भेटून नाई राह्यला," एकदा तो हताश होऊन म्हणाला.

मला राक्षसाची दया आली. मी पैसे दिले.

गेम झाल्यावर त्याने मलाच पहिल्यांदा खेळायला बसवलं. कपाळावर माझं नाव मिरवत राक्षस आला. मी बाणांवर बाण सोडले, पण तो ढिम्म.

"अबे, हा मरत काऊन नाई?"

त्याने कानाच्या पाळीला हात लावला. "वर्गणी देली ना तुमी! देणगीदाराले मारनं बरं दिसते काय?"

पुढे कॅफे बंद झाला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझं मात्र कपाळावर घेऊन तो राक्षस अजून कुठेतरी उभा असेल, हिरोची वाट अडवून.